डिकीवरचा बैल

मी भित्री आहे. घरात हे सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे त्याचा फायदाही घेतात. जुनी लाल गाडी घेतली तेव्हा नवऱ्यानं चावी दिली ती अटीवरच. "घाबरून एकदा जरी फोन केलास, तर आपली एस.टी. बरी," म्हणाला. मी राहते बारामतीत आणि शिकवते इंदापुरात. कित्येक वर्षं एस.टी.त उभं राहून पाय सुजवून घेतले होते. त्यामुळं घरी भीतीचा शब्द काढायचा नाही, हे मी चावी घेतानाच ठरवलं.

गाडी सुप्याकडच्या एका माणसाची होती. त्याला बैलांचा नाद. डिकीवर त्यानं शर्यतीच्या बैलाचं भलंमोठं स्टिकर लावलं होतं, रंगवलेली शिंगं, ताठ वशिंड, एक पाय उचललेला. आमच्याकडं लोक बायकोचा फोटो पाकिटात ठेवतात आणि बैलाचा गाडीवर. ते काढू या असं मी सुचवलं, पण नवरा गाडीच्या रंगाला फार जपतो. स्टिकर ओढलं की रंगही निघून येतो, असं त्याचं म्हणणं. अंगणात गाडीला कव्हर, दर रविवारी पॉलिश. इतकं कौतुक माझ्या वाट्याला लग्नातसुद्धा आलं नव्हतं.

सुरुवातीला त्या बैलाचा मला फायदाच झाला. वाटेत चहाला थांबलं की टपरीवरचे लोक सरकून जागा करून द्यायचे. मग एके दिवशी निरवांगीच्या फाट्यावर उभी असलेली एक जीप माझ्यामागं निघाली. दुसऱ्या दिवशीही निघाली. पुढं जायची नाही, हॉर्न द्यायची नाही, इंदापूर जवळ आलं की मागं राहायची. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं मी स्वतःला समजावलं. एकदा उसाच्या ट्रॉलीमागं अडकले, तर जीपही थांबली आणि आतून कुणी उतरलं नाही. माझे हात इतके घामेजले होते की गिअर सुटत होता.

कॉलेजात एका मैत्रिणीला सांगितलं. ती इंदापूर तालुक्यातलीच, तिला सगळं ठाऊक. तो स्टिकरवरचा बैल भागीचा होता म्हणे, दोन घरांनी मिळून ठेवलेला. सुप्याच्या माणसानं भागीदाराला न सांगता बैल कुठं तरी विकला, मागोमाग गाडी विकली आणि स्वतःही दिसेनासा झाला. भागीदार तेव्हापासून शोधात आहे. "त्यांना वाटत असेल तू त्याच्याच घरातली," असं म्हणून ती हसली. मला त्या दुपारी डबा गेला नाही.

नवरा एका लग्नाला गेला, तेव्हा मी स्टिकर काढायला बसले. केस वाळवायच्या मशीननं ते गरम केलं, कडेनं खोबरेल तेल सोडलं आणि शिवणाचा दोरा दोन्ही हातांत ताणून कागद आणि पत्रा यांच्यामधून हळूहळू ओढत नेला. सुरी लावायची हिंमत नव्हती. एक ओरखडा उठला असता तरी नवऱ्यानं कारण विचारलं असतं आणि मला खोटं नीट बोलता येत नाही. शिंगांपाशी दोरा दोनदा तुटला. शेवटी सगळा बैल माझ्या हातात आला. उरलेला डिंक मी तेलानं चोळून काढला, शाम्पूच्या पाण्यानं डिकी धुतली आणि चार पावलं मागं सरकून बघितलं.

बैल तिथंच होता. इतक्या वर्षांच्या उन्हात गाडीचा लाल रंग विटून विटेसारखा झाला होता, स्टिकरखालचा मात्र कोरा राहिला होता. जुनं चित्र निदान तडकलेलं, मळलेलं होतं. हा त्याहून गडद, कडा रेखीव, लांबून ओळखू येणारा. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. दंड भरून येईपर्यंत पॉलिश घासलं, तर तो आणखी चमकायला लागला. मी पायरीवर बसून रडले.

संध्याकाळी नवऱ्यानं डिकीवरून बोट फिरवलं. "रंगाला धक्का लागला नाही," म्हणाला, आणि खूश झाला.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर जीप आडवी लागली होती. मी दारं लॉक केली, काच बोटभर खाली घेतली. टोपी घातलेला, माझ्या वडलांच्या वयाचा माणूस जवळ आला.

"चित्र कुणी काढून टाकलं, ताई?"

"मी."

"ज्याला काय लपवायचं न्हाय, त्यो कशाला पुसतोय?" आवाज चढला नव्हता, त्यानं मी जास्तच घाबरले. "बैल कुठं हाय?"

"आबा, मला खरंच माहीत नाही. आम्ही फक्त गाडी विकत घेतली. तुमची जीप रोज मागं येते म्हणून मला भीती वाटली. म्हणून काढलं."

"आमाला भ्याला?"

"खूप."

त्यांनी मान खाली घातली आणि ते गाडीच्या मागं गेले. मी का उतरले ते मला आजही सांगता येणार नाही. ते डिकीसमोर उभे होते आणि त्यांचा तळवा त्या गडद वशिंडावर होता.

"आय मेल्यालं वासरू हुतं. बाटलीनं दूध पाजून वाढवलं," ते म्हणाले. "फोटू काढायचं आमाला कधी सुचलं न्हाय. रोज मागनं यायचो ते ह्येच बघायला. एवढं ऱ्हाऊ द्या, ताई. आमी परत मागं येनार न्हाय."

"राहू देते," मी म्हणाले. त्या क्षणी त्यांनी काहीही मागितलं असतं तरी मी हो म्हणाले असते, कसंही करून ती जीप बाजूला व्हायला हवी होती.

जीप खरंच पुन्हा दिसली नाही. घरी मी काही बोलले नाही. आणि एका सुट्टीच्या दिवशी मी माहेराहून परतले, तर डिकी नव्या लाल रंगात लखलखत होती. बैलाचं ते भूत दिसणं बरं नव्हे, म्हणून नवऱ्यानं मला खूश करायला पेंटरकडून रंगवून आणली होती. मग मात्र मी सगळं सांगितलं, जीपपासून वासरापर्यंत. तो ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "उद्यापासून एस.टी.नं जायचं."

मी सकाळी तो उठायच्या आत चावी घेतली. फाट्यावर गाडी कडेला लावली आणि टपरीवाल्याकडून आबांना निरोप धाडला. आजवर ज्या जीपला भीत होते तिची वाट बघत बसले होते, आणि तशी भीती मला आधी कधीच वाटली नव्हती. कॉलेजचा पहिला तास बुडाला.

ते चालत आले. मला काही बोलू न देता सरळ मागं गेले. मी त्यांच्यामागं जाऊन उभी राहिले.

त्यांनी हात पुढं केला, आणि रंगाला न लावताच मागं घेतला.

"रंग चांगला बसलाय, ताई," ते म्हणाले, आणि चालायला लागले.