बिनखसखशीचे अनारसे

उभ्या मस्कतमध्ये कायद्याला आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांइतकं घाबरणारं दुसरं कुणी नसेल. वादी कबीरच्या आमच्या इमारतीतलं कुणीही सुट्टीवरून परतायचं असलं, की हे स्वतःची गाडी घेऊन विमानतळावर हजर. पण त्याआधी त्या माणसाच्या घरी भारतात फोन जायचा, कारण खसखस इथे बंदीच्या मालात मोडते. माझ्या आईला तर ते म्हणाले, "काकू, अनारसे नुसते थापा. एका दाण्यापायी मुलगा आत जाईल." आईने नुसते थापले आणि नंतर कितीतरी दिवस त्यांना नावं ठेवली.

अशा माणसाला काचबिंदू झाला. डॉक्टरांनी रोज थेंब घालायला सांगितले, तर यांनी मोबाईलवर वाचून काढलं की गांजाने डोळ्यांतला दाब उतरतो. जन्मात सुपारी न खाल्लेला हा गृहस्थ दर शुक्रवारी आमच्याकडे येऊन, खिडक्या लावून घेऊन, गांजावर प्रवचन द्यायचा. तो शब्द मात्र उच्चारायचा नाही, 'ती वनस्पती' म्हणायचा.

"इथे तिचं नाव काढलं तरी खलास," ते कुजबुजायचे.

"थेंब घातलेत का?" सोबत आलेल्या वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, विचारायच्या.

"थेंबांनी जळजळतं गं."

शेवटी वहिनींनी मला सोबत देऊन त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. मला दाराशी पहाऱ्याला उभं करून यांनी मल्याळी डॉक्टरांच्या कानात तो प्रश्न विचारला. डॉक्टर मोठ्यानेच म्हणाले, "प्रेशर उतरता है, पर तीन-चार घंटे. फिर क्या दिन-रात पीते रहोगे? और यहाँ तो सीधा जेल. ड्रॉप्स डालो. जो नज़र गयी, वो वापस नहीं आयेगी."

जेल ऐकून ते पांढरे पडले होते. शेवटचं वाक्य त्यांना गाडीत बसल्यावर कळलं. त्या दिवसापासून थेंब कधी चुकले नाहीत. पण कडेची नजर बरीच गेली होती. एकदा पार्किंगच्या खांबाला गाडी घासली, तेव्हा त्यांनी आपणहून किल्ली माझ्या हातात दिली. "बाजूचं दिसत नाही हो. एखादं पोर आडवं आलं तर?" म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

पुढच्या दिवाळीनंतर मी परतलो, तर विमानतळावर हे हजर, वहिनींबरोबर टॅक्सीने आलेले. तिथेच डबा उघडून त्यांनी एक अनारसा हातात घेतला आणि त्यावरून सावकाश बोट फिरवलं.

"नुसताच आहे ना?"

"नुसताच आहे," मी म्हणालो. तरी त्यांनी तो दोन्ही बाजूंनी चाचपून पाहिला. मग सवयीने माझी बॅग उचलली आणि टॅक्सीकडे जाताना माझा दंड धरला.