भरलेल्या बॅटऱ्या आणि खिल्लारे सर

प्रा. यशवंत खिल्लारे सरांना मी पहिल्यांदा भेटले ती इंजिनिअरिंगच्या पहिल्या तोंडी परीक्षेच्या टेबलासमोर. मी हर्सूलची, पाठांतरात पक्की. सरांनी पुस्तक बाजूला सारलं आणि विचारलं, "तुमच्याकडं लाइट कधी जाती?" म्हटलं, संध्याकाळी. "का जाती?" मी पाठ केलेली पानं मनात उलटू लागले. "तेव्हाच साऱ्या गावाला लागती म्हणून. जा, आता ह्याच्यावर चार वर्षं डोकं लाव." मला वाटलं, नापास झाले. पास झाले होते.

सर देवगाव रंगारीचे. बाबासाहेबांच्या वाटेनं चाललेल्या घरातले, घरातले पहिले इंजिनिअर. अर्धी नोकरी धरणांवरच्या वीजघरांत झाली, उरलेली आमच्या शहरातल्या कॉलेजात. धरणावर जायची माझी पहिली संधी वडिलांनी साफ नाकारली, तेव्हा सर स्वतः आमच्या घरी आले. वडील म्हणाले, "पोरगी धरणावर जाऊन काय करनार, सर?" सर म्हणाले, "मी केलं तेच करंल. माझ्यापेक्षा चुका कमी करंल, येवढंच." चहा दोनदा झाला आणि वडील विरघळले. सरांच्या अशा उपकारांची यादी या गौरवग्रंथात इतर मंडळी देतीलच, त्यामुळे मी थांबते.

संपादकांनी मला सरांच्या 'यशस्वी प्रकल्पावर' लिहायला सांगितलं आहे. पंच्याहत्तरीच्या ग्रंथात खोटं गोड लिहिणं मला जमायचं नाही.

हिमालयातल्या एका लहान देशाची जवळजवळ सगळी वीज नद्यांच्या पाण्यावर चालते. थंडीत नद्या आटतात आणि नेमकी तेव्हाच, संध्याकाळी, घराघरांतली विजेची शेगडी पेटते. त्यावर उपाय म्हणून तिथं खोलीएवढ्या पेट्यांत मोठमोठ्या बॅटऱ्या बसवायचं ठरलं. त्या पेट्या मी काम करते त्या शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवल्या आणि सल्लागार म्हणून निवृत्त खिल्लारे सर गेले. हिशेब सरळ होता. मागणी नसते तेव्हा बॅटरी भरायची, संध्याकाळी सगळी देऊन टाकायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरायची.

तिथल्या नियंत्रण कक्षाचे प्रमुख सरांच्याच वयाचे. त्यांचा जन्म धरणाचं पाणी पुरवून वापरण्यात गेलेला. पावसाळ्यात भरायचं आणि पुढच्या पावसापर्यंत थेंब थेंब सोडायचं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. त्यांनी बॅटरीलाही धरणच मानलं. पहिल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी वीज कमी पडली. बॅटऱ्या काठोकाठ भरलेल्या होत्या, आणि प्रमुखांनी खोऱ्यातल्या एका गावाची वीज तोडली. सरांनी फोनवर विनवलं तेव्हा ते म्हणाले, "अभी तो पूरी सर्दी बाकी है, साहब."

सर त्याच गावात मुक्कामाला होते. शेजारच्या प्रसूतिगृहातल्या नवजात बाळांच्या उबेच्या पेट्या बंद पडल्या. नर्सबाईंनी बाळं पदराखाली छातीशी धरली. सरांनी आपलं कांबळं नेऊन दिलं. त्यातलं एक बाळ गेलं. ते कशानं गेलं हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि सरांनीही कुणाला विचारलं नाही.

मी प्रमुखांवर भडकले होते. सर मला म्हणाले, "त्या मानसाला बोल लावू नको गं. मी त्याच्या खुर्चीत असतो तर मीबी राखूनच ठेवली असती. आपन धरनवाले सारे एकाच मुशीतले." मला हे मोठेपण पटलं नाही, अजूनही पटत नाही. पण एरवी सतत विनोद करणाऱ्या सरांनी त्यानंतर मला एकही विनोद ऐकवलेला आठवत नाही.

परत आल्यावर सरांनी एक साधा नियम लिहून पाठवला: संध्याकाळी वीज कमी पडली तर आधी बॅटरी, मगच कपात. तो तिथल्या समितीपुढे पडून आहे. बैठका होतात, चहा होतो, नियम तसाच राहतो. दरम्यान सरांच्या फुप्फुसांनी साथ सोडली. डॉक्टरांनी डोंगर कायमचे बंद केले आहेत. घरच्या जिन्यातही त्यांना मध्ये बसावं लागतं.

आता तिकडे पुन्हा थंडी सुरू झाली आहे. तिथल्या बॅटऱ्यांची आकडेवारी शेंद्र्यात माझ्या पडद्यावर दिसते, म्हणून सर रोज दिवेलागणीनंतर मला फोन करतात. धाप लागलेली असते, त्यामुळे बॅटरीबद्दल प्रश्न एवढाच. "रिकामी झाली का गं आज?"

"नाय, सर."

"बरं," म्हणतात आणि फोन ठेवतात. परवा त्यांचा खोकला ऐकून खोटंच 'व्हय' म्हणावंसं वाटलं. शब्द ओठांवर आला होता. पण लगेच दुसरा प्रश्न आला असता, किती वाजता, आणि सरांपुढे खोटा आकडा सांगायची माझी छाती नाही.

सर, हारतुरे तुम्हाला आवडत नाहीत, तरी ते घालून घ्या. औषधं वेळेवर घ्या, जिना चढू नका. तुम्हाला निरोगी, भरपूर आयुष्य लाभो, असं सगळेच म्हणतील. मी जरा स्वार्थानं म्हणते. रोज फोन करत राहा. मला तुम्हाला एकदा तरी खरं 'व्हय' म्हणायचं आहे.