सुरंगीचा वळेसर

दादरच्या फुलबाजारात आज सुरंगी दिसली, आणि त्या उग्र-गोड वासाने मला परळच्या त्या केंद्रात नेऊन बसवलं. कॅन्सरच्या पेशंटनी आणि त्यांच्या घरच्यांनी घटकाभर टेकावं, बोलावं अशी ती जागा. तिथे औषधांचा वास नव्हता, चहाचा होता.

आईचे केस केमोने गेले होते. आम्ही तिथे गेलो त्याच्या आदल्या दिवशी चाळीतल्या हळदीकुंकवाला शेजारणीने सगळ्यांना केसांत माळायला सुरंगीचे वळेसर दिले, आईला मात्र नुसतं कुंकू. "तुम्ही कुठे माळणार आता?" म्हणाली.

केंद्रातल्या ताईंनी प्रेमाने दोन-तीन विग समोर ठेवले. "बघा, शोभेल तुम्हाला." आईने एकालाही हात लावला नाही. डोक्यावरचा रुमाल सोडला, पिशवीतून सकाळीच विकत आणलेला वळेसर काढला, तुळतुळीत डोक्याभोवती धरला आणि माझ्यापुढे मान वाकवली.

"बांध गे घट्ट. केस गेले, हौस खंय गेली?"

कोपऱ्यातली एक बाई आपला स्कार्फ काढत म्हणाली, "मलापण द्या की थोडी."

तेव्हा वाटलं होतं, आई शेजारणीवरचा राग काढतेय. राग होताच. पण आधी तिला फुलं हवी होती, हे मला आज कळतंय.

माझीही केमो चालू आहे. मी वळेसर मागितला, तेव्हा फुलवाल्याने माझ्या डोक्यावरचा रुमाल पाहिला. "देवाला ना, ताई?"

"नाही रे, मला माळायचाय," म्हटलं, आणि भर बाजारात रुमाल काढला.