रविवारचा ब्लाउज

पप्पांच्या पायाला पहिली जखम झाली तेव्हा मी आठवीत होते. कल्याण-शीळ रस्त्याजवळच्या मानपाड्याला रंगाच्या एका कंपनीत ते हेल्पर होते. बुटात खडा गेला आणि दिवसभर तो त्यांना टोचलाच नाही. साखर आहे हे तोवर घरात कुणालाच माहीत नव्हतं. जखम चिघळली, दोन बोटं काढावी लागली, आणि उभं राहून करायचं काम सुटलं. बसून करायचं काम त्यांना कुणी दिलं नाही.

आईला फक्त साडीला फॉल लावता यायचा. तिने कुणाचं तरी टाकून दिलेलं शिलाई मशीन आणलं आणि चाळीतल्या बायकांच्या ब्लाउजवरच ब्लाउज शिवायला शिकली. सुरुवातीचे दोन-चार बिघडले, त्या बायकांनी तसेच घातले. त्या वर्षी आमच्याकडे दूध फक्त पप्पांच्या चहापुरतं यायचं. रोज सकाळी मशीनवर बसायच्या आधी आई घमेल्यात कोमट पाणी घेऊन पप्पांचा पाय धुवायची, पुसायची आणि उरलेल्या बोटांमध्ये बॅटरी मारून बघायची. ती अजूनही बघते.

त्या मशीनवर मी बी.ए. झाले, मग बी.एड. आईकडच्या आणि पप्पांकडच्या, दोन्ही घराण्यांत कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. ठाण्यात बाळकुमच्या एका शाळेत मला नोकरी लागली. तिथे शिक्षिकांना एकसारखी साडी आणि निळा ब्लाउज असतो. आईने एकाच कापडातून, एकाच मापाचे, एकाच दिवशी दोन ब्लाउज शिवून दिले. पुढे लग्न झालं, मी बाळकुमलाच राहायला गेले, आणि बाळंतपणाला रीतीप्रमाणे माहेरी मानपाड्याला आले.

सातव्या महिन्यात माझ्या रक्तात साखर निघाली होती. मुलगी झाल्यावर अडीच महिन्यांनी परत तपासली, तर काठावर. डॉक्टरबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. गोळी आत्ता नको म्हणाल्या, पण वजन उतरवा. अंगावर पाजताय, तेव्हा उपाशी राहायचं नाही, घाई करायची नाही. मुलीचा पहिला वाढदिवस झाला की परत बघू. नाही उतरलं, तर वडिलांच्या वाटेने जाल. माझं वजन लग्नातल्यापेक्षा चौदा किलो जास्त होतं.

घरी आल्यावर आईने डिंकाच्या लाडवांचा डबा उचलला आणि अख्खा शेजारी देऊन टाकला. पप्पा म्हणाले, अगं, वासापुरता तरी एक ठेवायचास.

मी चालायला लागले. मुलीला आईकडे ठेवायचं आणि कंपन्यांच्या मागच्या रस्त्याने कल्याण-शीळ रस्त्यापर्यंत जाऊन यायचं, सकाळ-संध्याकाळ. भात अर्धा केला, चहातली साखर बंद केली. पहिल्या महिन्यात एक किलो उतरलं. पुढचे तीन आठवडे काटा जागचा हलला नाही आणि चौथ्या आठवड्यात चारशे ग्रॅम वर गेला. मी काट्यावरून उतरायचे, काटा उचलून दुसऱ्या लादीवर ठेवायचे आणि परत चढायचे. ब्लाउज न्यायला आलेल्या बायका माझ्याकडे बघून म्हणायच्या, बाळंतपण चांगलं मानवलंय हो. एकीचं तर म्हणे तीन महिन्यांत सगळं आपोआप उतरलेलं.

अभ्यास केला की मार्क पडतात, एवढं एकच मला आयुष्यात पक्कं माहीत होतं. इथे मी अभ्यास करत होते आणि मार्क पडत नव्हते. एका बुधवारी मी बूट घातले नाहीत. गुरुवारी नाही, शुक्रवारीही नाही. आईने विचारलं, तर पाय दुखतात म्हणून सांगितलं.

शनिवारी आईने वजनकाटा माळ्यावर टाकला. म्हणाली, तो हाडंही मोजतो, पाणीही मोजतो आणि पोरीचं दूधही मोजतो, त्याचं काय ऐकतेस? माझ्या बॅगेत शाळेचा एक निळा ब्लाउज होता. दुसरा बाळकुमच्या कपाटात राहिलेला. आई म्हणाली, दर रविवारी हा घालून बघायचा, हुक कुठवर येतात तेवढंच बघायचं. कपडा कधी खोटं बोलत नाही.

पहिल्या रविवारी दोन्ही बाजूंच्या मध्ये चार बोटांचं अंतर होतं. दोन रविवारांनंतर ते तीन बोटांवर आलं. मला इतका आनंद झाला की त्या संध्याकाळी मी एक फेरी जास्त मारली. पुढे पाऊस असला तरी छत्री घेऊन जायचे, मुलगी रडत असली तर तिला कडेवर घेऊन जायचे. दोन बोटं झाली, मग एक. रजा संपत आली तेव्हा सगळे हुक लागले. थोडा श्वास रोखावा लागला, पण लागले. मी नवऱ्याला फोन करून सांगितलं, शाळेतल्या मैत्रिणींना सांगितलं, आईच्या गिऱ्हाइकांनाही सांगितलं. आई मान खाली घालून काज करत होती.

आठवडाभराने आम्ही बाळकुमला परतलो. शीळफाट्याला गाडी तासभर अडकली तरी माझा मूड गेला नाही. दुसऱ्या दिवशी कपाटातला दुसरा ब्लाउज काढून घातला. हुक तीन बोटं लांब राहिले.

आधी वाटलं, हा धुऊन आटला असेल. मग दोन्ही ब्लाउज उलटे करून पलंगावर शेजारी ठेवले. मी शिंपिणीची मुलगी आहे, उसवलेली टीप मला ओळखता येते. आईकडून आणलेल्या ब्लाउजच्या दोन्ही कुशींना ताज्या शिलाईशेजारी सुईची जुनी भोकं होती. एक नाही, चार ओळी. नवरा आधी हसला, मग माझं तोंड बघून मुलीला घेऊन गॅलरीत गेला.

पुढच्या रविवारी मी दोन्ही ब्लाउज नेऊन आईच्या मशीनवर ठेवले. तिने काही माहीत नसल्याचं नाटक केलं नाही. पायंडल थांबवलं.

"किती वेळा?" मी विचारलं.

"चार. पाव-पाव इंच. एकदम केलं असतं तर तुला कळलं असतं."

"मी गावभर सांगत फिरले, आई. मूर्ख दिसले मी."

"मूर्ख असतीस तर उलटा करून बघितला असतास का?"

कॉटवरून पप्पा म्हणाले, माझ्या पँटीला कधी असं केलं नाहीस. आई त्यांच्याकडे न बघताच म्हणाली, तुमच्या पँटीला आत कापड तरी उरलंय का?

मला हसू आलं नाही. मी म्हणाले, काट्याने निदान फसवलं तरी नव्हतं, तू फसवलंस. आईने चष्मा काढला.

"तू तीन दिवस बूट घातले नव्हतेस," ती म्हणाली. "ह्यांचा पाय मी सोळा वर्षं धुतेय, अजूनही धुवेन. तुझा नाही धुवायचा मला."

पप्पांनी तोंड भिंतीकडे केलं. मुलगी आईच्या गळ्यातली टेप ओढत होती, ती सोडवायचंही आईला सुचलं नाही.

थोड्या वेळाने तिने स्टूल घेतलं आणि माळ्यावरून काटा काढून फरशीवर ठेवला. पुसलासुद्धा. मी चढले. त्या दोन-अडीच महिन्यांत मी वजन केलंच नव्हतं. अडीच किलो उतरलं होतं. ब्लाउजने सांगितलं त्याच्या निम्मंही नसेल, पण उतरलं होतं.

"ब्लाउज मी ढिला केला," आई म्हणाली. "चाललीस तूच."

त्याच दुपारी तिने माझ्यासमोर दोन्ही कुशींची ताजी टीप उसवली आणि जुन्या जागी शिलाई घातली. ठरलं असं की यापुढे महिन्याच्या पहिल्या रविवारी टेपने माप घ्यायचं, उघड. आई कमरेला टेप लावायची आणि आकडा मोठ्याने सांगायची. टेप आवळून धरत नाही ना, हे मी समोरच्या आरशात बघायचे. विश्वास नव्हता म्हणून नाही, असं मी तेव्हा म्हणायचे. खरं तर म्हणूनच.

एका महिन्यात दोन सूत उतरायचे, म्हणजे पाव इंच. पुढच्या महिन्यात काहीच नाही. दिवाळीनंतर एक सूत परत आला. आई म्हणाली, आलाय तर येऊ दे, पाहुणा आहे. शाळा सुरू झाल्यावर संध्याकाळचं चालणं जमेना, म्हणून मी बिल्डिंगचे सात मजले जिन्याने चढायला लागले, हातात वह्यांचा गठ्ठा घेऊन. कधी चौथ्या मजल्यावर बसायचे. आईचा फोन आला की पहिला प्रश्न, चढलीस? खोटं सांगणं सोपं होतं, पण आता आमच्या दोघींत ते चालण्यासारखं राहिलं नव्हतं. ज्या दिवशी नाही चढले त्या दिवशी नाही म्हणायचे. ती म्हणायची, बरं, उद्या चढ. जेवलीस का?

कंटाळा गेला असं नाही. महिना कोरडा गेला की अजूनही वाटायचं, कशाला हे. पण बूट न घातलेले दिवस सलग तीन कधी झाले नाहीत.

मुलगी चौदा महिन्यांची असताना परत रक्त तपासलं. आई मानपाड्याहून सकाळीच आली होती, माझ्याबरोबर तीही उपाशी राहिली, गरज नसताना. मुलीच्या जन्मानंतरच्या त्या पहिल्या तपासणीपासून माझं वजन नऊ किलोंनी उतरलं होतं. पाच किलो अजून बाकी होते, आज त्यातले चार बाकी आहेत. उपाशीपोटीची आणि जेवल्यानंतरची, दोन्ही साखरा हद्दीत आल्या. डॉक्टरबाईंनी दरवर्षी तपासायला सांगितलं. मला गोळी सुरू करावी लागली नाही.