वहिनींचा घोडेस्वार

वहिनी गेल्या, हे महादेवनं फोनवर सांगितलं तेव्हा मी धाराशिवच्या घरी गरम पाण्यात पाय सोडून बसलो होतो. गुडघे हल्ली फार त्रास देतात. महादेव माझा पुतण्या, वहिनींचा थोरला. "काका, आई गेली," एवढंच म्हणाला. मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला. बरं काय त्यात... पण तोंडातून तेच निघालं. पाणी गार होईपर्यंत तसाच बसून राहिलो. सव्वा महिना झाला, शीण काही उतरत नाही.

वहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको, सरस्वती. भूमकडच्या आमच्या गावात लग्न होऊन आल्या तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. आई अंथरुणाला खिळलेली, त्यामुळं माझं खाणंपिणं, शाळा, खरूज, सगळं त्यांच्याकडं. तरी मला त्यांनी कधी अरे-तुरे केलं नाही. शेंबूड पुसतानासुद्धा "भावजी, नाक शिंकरा" असंच. पुढं बहात्तरचा दुष्काळ आला. भाऊ नि वहिनी खडी फोडायला जायचे आणि सरकारी वाटपातल्या सुकडीवर दिवस निघायचा. आईला सुकडी पचेना, तिला ज्वारीच पाहिजे. वहिनींच्या पाटल्या, डोरलं आधीच गेलं होतं. उरली होती पायातली चांदीची जोडवी, पण नवरा जिवंत असताना ती कशी काढायची? मग एका बाजाराच्या दिवशी वहिनींनी देव्हाऱ्यातला खंडोबाचा टाक पदराला बांधला आणि भूमला जाऊन विकला. चांदीच्या पत्र्यावर घोड्यावर बसलेला देव, आमच्या आज्याच्याही आधीपासूनचा. त्या ज्वारीच्या भाकरी आम्ही सगळ्यांनी खाल्ल्या, मीही खाल्ल्या, आणि टाकाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. वहिनी मात्र दर रविवारी देव्हाऱ्यातल्या त्या रिकाम्या जागेवर चिमूटभर भंडारा वाहायच्या. ते बघवायचं नाही.

मी मोठा झालो, गावात दूध सोसायटी निघाली आणि मला तिचा सचिव केलं. दुधातलं फॅट मोजायला शिकवायचं म्हणून पुण्याला पाठवलं. तिथं एका थेटरात परदेशी सिनेमा बघितला. पांढऱ्या घोड्यावरचा एक वीर, हातात तलवार, समोर डोंगराएवढा राक्षस. भाषा ओ की ठो कळली नाही, तरी तीनदा बघितला. आणि बाहेर फुटपाथवर तोच वीर विकायला! वीतभर उंचीचा, हातपाय हलणारा, घोड्यावरून उतरवता येणारा. चोवीस वर्षांचा घोडा मी, पण घेतला. लोक हसतील म्हणून घरी आणून ट्रंकेत कपड्यांखाली दडवला. कुणी नसलं की काढायचा, उतरवायचा, पुन्हा बसवायचा.

दसऱ्याच्या साफसफाईत वहिनींना तो सापडला. मी सोसायटीतून आलो तर देव्हाऱ्यात, त्या रिकाम्या जागी, माझा वीर! कपाळाला भंडारा, घोड्याच्या गळ्यात झेंडूचं फूल. वहिनी पाठमोऱ्या बसल्या होत्या आणि रडत होत्या. मला हसू फुटणार होतं ते तिथंच जिरलं. घोड्यावर बसलेला, हातात तलवार असलेला दुसरा कोण असणार त्यांच्या लेखी? मी गप्प राहिलो, आणि ते बरंच केलं. वहिनींना त्या वर्षी पहिल्यांदा गाणं गुणगुणताना ऐकलं.

पण तोंड बंद ठेवायचं नशिबात नव्हतं. चार-पाच वर्षांनी पुन्हा पाऊस गेला. जनावरं छावणीत, सोसायटीचे कॅन रिकामे, लोकांच्या शिव्या मला. मी कंटाळून धाराशिवला नोकरी धरली. ट्रंक भरताना घोडेस्वार मागितला. वहिनी म्हणाल्या, देव असा हलवत नसत्यात. माझं डोकं फिरलं. देव कसला, सिनेमातलं खेळणं आहे ते, पुण्याच्या फुटपाथवर घेतलेलं, असं सगळं ओकलो.

"देव म्या इकला, भावजी," वहिनी हळूच म्हणाल्या. "आता जो यील त्याला बसवायचं. निवडायचा हक हाय का मला?"

मी तसाच एस.टी.त बसलो. पुढच्या खेपेला गेलो तर घोडेस्वार तिथंच, भंडारा ताजा. विषय दोघांनीही पुन्हा काढला नाही. दर खेपेला त्या त्याच्यापुढचा भंडारा माझ्या कपाळाला लावायच्या, तेव्हा म्हणावंसं वाटायचं, वहिनी, चुकलं माझं. चाळीस वर्षांत एवढे दोन शब्द जमले नाहीत. गेल्या दिवाळीत त्यांचा हात इतका कापत होता की भंडारा माझ्या डोळ्यात गेला. "पुसा, पुसा," म्हणाल्या. मी पुसलं आणि परतीची गाडी धरली. लाज वाटते सांगायला.

तेराव्याला महादेवनं फडक्यात बांधलेलं काहीतरी हातात दिलं. भाऊ वारल्यावर वहिनींनी पायातली जोडवी काढून डब्यात जपून ठेवली होती. जाण्याआधी महादेवला सांगून गेल्या, "माज्या जोडव्यांचा टाक घडव, अन् भावजींचं भावजींला दे." टाक भूमच्या सोनाराकडं घडतो आहे.

फडकं घरी आणून तसंच ठेवलं होतं, ते आज सोडलं. पांढरा घोडा आता पिवळा झाला आहे, तलवार अर्धी तुटली आहे. मी वीराला कमरेला धरून वर ओढलं, जसं चोविसाव्या वर्षी ओढायचो. तेल, भंडारा, कुंकू... बसून बसून पार चिकटला आहे तो. जोर केला तर मोडेल. आता तो उतरायचा नाही.

टेबलावर ठेवला आणि बघत बसलो. मग आठवलं, आज रविवार. उठलो आणि स्वयंपाकघरात हळदीचा डबा शोधायला लागलो.