मांडीवरचा कॉम्प्युटर

अमरावतीहून अकोल्याला येणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती, मांडीवर गोधडीत गुंडाळलेला जुना कॉम्प्युटर घेऊन. गोधडीबाहेर डोकावणाऱ्या त्याच्या डब्यावर दसऱ्याचं हळदकुंकू अजून होतं. खड्डा आला की ती दोन्ही हातांनी त्याला कवटाळायची आणि श्वास रोखून धरायची.

"ताई, वर ठेवून देऊ का?" मी विचारलं.

"नाही भाऊ. पडला तं आमची लॅबच बसली."

अकोल्यात जुन्या शहरातल्या लॅबमध्ये ती रक्त तपासायची. तपासणीच्या मशीनचं सॉफ्टवेअर या एकाच कॉम्प्युटरवर चालायचं आणि ते बनवणारी कंपनी केव्हाच बंद झाली होती. नव्या कॉम्प्युटरवर ते घालून मिळेल म्हणून ती अमरावतीला गेली होती. पण जुना आणि नवा, दोन्ही कॉम्प्युटर लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालणारे असूनही ते जमलं नाही, आणि ती तशीच परत निघाली होती.

"दोन्हीवर लिनक्सच आहे ना? मग का नाही जमलं?" मी विचारलं.

"तेच तं! हाही लिनक्स, तोही लिनक्स, पण बनवणारे अलग अलग. दोन घरी सयपाक तोच, पण एकीकडं मिठाचा डबा गॅसपाशी, दुसरीकडं आलमारीत. आमचं सॉफ्टवेअर एकाच घरात रुळलेलं. नव्या घरी हात घालते तिथं काहीच सापडत नाही त्याले. सगळ्यांनी मिळून एक जागा ठरवली असती, तं काय बिघडलं असतं?"

"आणि हा बंद पडला तर?"

तिनं गोधडी आणखी घट्ट केली.

"मशीन रक्त घेईन भाऊ. पण काय दिसलं, ते सांगन कोणाले?"

मूर्तिजापूरनंतर खड्डा आला की तिच्याआधी माझा हात त्या डब्यावर जायला लागला.