रिकाम्या प्लॉटमधली भाजी

लग्न होऊन मी पिंप्राळ्यात आले तेव्हा आमच्या घराच्या तिन्ही बाजूंना रिकामे प्लॉट होते. कोपऱ्यांवर चुन्याने रंगवलेले दगड, मध्ये गुडघाभर गवत, आणि कॉलनी जिथे संपायची तिथून कपाशीचं शेत. माझ्या लेखी ते प्लॉट म्हणजे नुसती अडगळ होती. साप निघेल म्हणून मी मागचं दारही उघडत नसे. माझं माहेर धुळ्याचं. वडील सरकारी कचेरीत होते, आम्ही क्वार्टरमध्ये वाढलो. भाजी म्हणजे सकाळी हातगाडीवर यायची ती: मेथी, गवार, वांगी, गिलकी. आपोआप उगवलेलं काही माणसं खातात, हे मला कधी कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. त्यांना सगळे अक्का म्हणत, मीही तेच म्हणायला लागले. त्यांचं सगळं आयुष्य एरंडोलजवळच्या गावात, शेतात गेलं होतं. आता शेत थोरले दीर बघत. अक्कांना काचबिंदू झाला होता आणि तो उशिरा लक्षात आला. उजवा डोळा पुरता गेला होता, डाव्याने समोरचा माणूस सावलीसारखा दिसे. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली टिकवायची असेल तर औषधाचे थेंब वेळच्या वेळी घाला, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. गावात पेरणीच्या धामधुमीत थेंबांच्या वेळा कोण पाळणार? म्हणून त्या आमच्याकडे आल्या.

पहिले आठ दिवस त्या ओट्यावर बसून राहिल्या. मी भाजी निवडायला घेतली की हात पुढे करायच्या. मी म्हणायची, "राहू द्या अक्का, तुम्ही आराम करा." मला वाटायचं, मी चांगली सून आहे. नवव्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "मी आठे बसी बसी मरी जासू." इथे बसून बसून मरून जाईन, हे रागावून नाही, एखाद्या कामाची आठवण करून द्यावी तशा म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कपडे वाळत घालून आत आले तर ओटा रिकामा. मागचं दार उघडं. धावत बाहेर गेले तर अक्का शेजारच्या प्लॉटमध्ये उकिडव्या बसलेल्या. डावा हात जमिनीवर सरपटत फिरवत होत्या. मध्येच थांबून एखादं रोप चिमटीत धरायच्या, नखाने तोडायच्या, नाकाशी न्यायच्या आणि ओच्यात टाकायच्या, नाहीतर फेकून द्यायच्या. प्लॉटपलीकडच्या शेजारच्या वहिनी गच्चीवरून बघत होत्या. त्या मोठ्याने म्हणाल्या, "काय हो, सासूबाईंना घरात जेवायला मिळत नाही का?"

मी लाजेने लाल झाले. अक्कांचा दंड धरून त्यांना घरात आणलं. त्यांनी ओचा माझ्यासमोर स्वयंपाकघरात रिकामा केला. जाडसर, गुळगुळीत पानांची, लालसर देठांची ती रोपं होती. "घोय," त्या म्हणाल्या. घोळीची भाजी. तुरीची डाळ मीच शिजवली, फोडणी त्यांनी सांगितली तशी दिली: भरपूर लसूण, हिरवी मिरची, वरून दाण्याचं कूट. त्या ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या भाकरीबरोबर पोटभर जेवल्या. मी चव घेतली नाही. संध्याकाळी हे घरी आले, ताटाकडे बघून म्हणाले, "अक्का, इथे शहरात गवत कशाला खायचं? लोक काय म्हणतील?"

"हाई भाजी शे, गवत नही," अक्का म्हणाल्या आणि त्यांनी दुसरी भाकरी मागितली.

त्यांना घरात कोंडून ठेवणं मला जमणार नव्हतं आणि एकटं सोडणंही जमणार नव्हतं. प्लॉटमध्ये काचा होत्या, काटे होते, सापांची भीती तर होतीच. दोन दिवस विचार करून मी त्यांना म्हटलं, "तुम्ही ओट्यावर बसा. मी आणते. तुम्ही फक्त निवडा." त्यांनी हाताने ओटा झाडून पुढ्यात जागा केली. मग म्हणाल्या, "आन."

मी पिशवी घेऊन गेले आणि अर्ध्या तासात भरून आणली. मनात म्हटलं, यात काय अवघड आहे, मी बी.ए. झालेली बाई. अक्कांनी पिशवी पुढ्यात उपडी केली. एकेक काडी बोटांतून गेली. निम्म्याहून जास्त त्यांनी अंगणात फेकली. एक रोप माझ्या हातात दिलं. "हाई घोय नही. तोडी देख."

मी देठ तोडला. पांढरा चीक आला.

"दूध उनं?"

"आलं."

"मंग फेकी दे. घोयले दूध नही ऱ्हास."

दोन्ही जमिनीला चिकटून वाढणारी, दोघांचे देठ लालसर. मी उजेडात धरून पुन्हा पुन्हा पाहिलं. घोळीचं पान फुगीर, दाबलं की आत पाणी असल्यासारखं. दुसरीचं पान पातळ, आणि देठावर बारीक लव. आता फरक इतका ढळढळीत दिसत होता की आधी तो दिसला कसा नाही याचीच मला चीड आली. अक्का म्हणाल्या, "तुना डोया चांगला शेत, पन तू देखस नही."

डोळे चांगले असून मी बघत नाही, हे वाक्य मला फार लागलं. त्या रात्री मी ठरवलं की हे शिकायचंच. हौस म्हणून नाही. एक न दिसणारी बाई जे ओळखते ते मला ओळखता येत नाही, हे मला सहन होत नव्हतं.

अक्कांची शिकवण्याची पद्धत कडक होती. एका वेळी एकच भाजी. ती येईपर्यंत दुसरीचं नावही काढायचं नाही. तांदुळज्याला चार दिवस लागले, कारण त्याच्याजवळच काटेमाठ उगवायचा, आणि कोवळा असताना त्याचे काटे डोळ्यांना दिसत नसत, बोटांना लागत. मग केना, निळ्या फुलाचा, ज्याच्या पानांची आम्ही बेसनात भजी केली. मग कुंजर. आज पान बघ, उद्या फूल बघ, परवा मूळ उपटून बघ. कुठे उगवलंय तेही सांगायचं. सांडपाण्याच्या नालीजवळचं नको. गुरं बसतात तिथलं नको. आणि कपाशीच्या बाजूचं तर मुळीच नको, कारण तिथे फवारणी होते. हे शेवटचं त्यांनी मला तीनदा सांगितलं.

हिवाळ्यात पाथरी आली. जमिनीलगत पसरलेली, करवतीसारख्या कडांची पानं. मी ती तोडली आणि लगेच फेकून दिली. अक्कांनी विचारलं, का? मी म्हटलं, दूध आलं. त्या हसल्या. पाथरीला दूध असतंच, म्हणाल्या, दूध ही घोळीची परीक्षा होती, सगळ्या रानाची नाही. मी चिडले. नियम सांगायचा आणि मग तो मोडायचा, असं कसं चालेल? त्यावर त्यांनी पाथरीची पानं कच्चीच मिठाबरोबर भाकरीवर ठेवून मला दिली. कडवट होती. पण मी खाल्ली, आणि पुन्हा मागून घेतली. तोवर मला समजलं होतं की एका खुणेवर भागत नाही. प्रत्येक झाडाची ओळख वेगळी करून घ्यावी लागते, माणसांची करून घ्यावी लागते तशी.

पुढच्या पावसाळ्यात मी स्वतःला बरीच तयार समजायला लागले होते. शेजारच्या वहिनींचं हसणं थांबलं नव्हतं, पण मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. श्रावणाच्या सुरुवातीला प्लॉटमधला तांदुळजा जून झाला होता, फुलावर आला होता. कपाशीच्या बांधावर मात्र कोवळा लुसलुशीत, हातभर पसरलेला. मी दोन दिवस तो लांबून पाहिला. तिसऱ्या दिवशी राहवलं नाही. शेताच्या आत नव्हता, बांधाच्या अलीकडे होता, असं मनाशी म्हणत मी पिशवी भरली.

अक्कांना सर्दी झाली होती. त्यांनी पानं चाचपली, कोवळेपणाचं कौतुक केलं आणि विचारलं, "कुठली?"

"प्लॉटातलीच," मी म्हटलं.

भाजी झाली, पान वाढलं. अक्का जेवायला बसल्या. एवढ्यात फाटकावर कोणीतरी हाक मारली. शेतावरचा गडी होता, हात धुवायला पाणी मागत होता. त्याच्या कपड्यांना औषधाचा उग्र वास येत होता. मी तांब्याने त्याच्या हातावर पाणी घालत विचारलं, "फवारणी का?"

"हो ताई. आज तिकडची बाजू. तुमच्या बाजूची काल केली, बांधापर्यंत."

तांब्या माझ्या हातातून पडला. मी आत धावले. अक्कांनी भाकरीचा तुकडा मोडून भाजीत बुडवला होता आणि हात तोंडाकडे निघाला होता. मी त्यांचं मनगट घट्ट धरलं.

"काय झालं?"

"खाऊ नका. बांधावरची आहे. काल फवारलीय. मी खोटं बोलले."

त्यांनी घास ताटात ठेवला. त्या उठल्या, मोरीत जाऊन साबणाने हात धुतले, आणि मला म्हणाल्या, "तूबी हात धू." मी कढई अंगणाच्या टोकाला नेऊन खड्डा करून भाजी पुरली, गल्लीतल्या कोंबड्यांनी उकरू नये म्हणून वर दगड ठेवले. अक्कांनी दुपारी चटणी-भाकरी खाल्ली. मी काहीच खाल्लं नाही. संध्याकाळी मी यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बस झालं आता. उद्यापासून हे सगळं बंद." मला ते पटलं होतं. मीच पिशवी घडी करून कपाटाच्या वर टाकली.

दोन दिवस मी हातगाडीवरची गवार केली. तिसऱ्या दिवशी सकाळी हे कामावर गेले, आणि अक्कांनी मला हाक मारली.

"पिशवी कोठे शे?"

"अक्का, नको आता. माझ्यावर विश्वास ठेवण्यासारखं काही राहिलं नाही."

"तू झाड बरोबर ओयखं," त्या म्हणाल्या. झाड मी बरोबर ओळखलं होतं. त्यांच्या मते चूक बोलण्यात होती, आणि ती मी घास तोंडात जायच्या आत कबूल केली होती. "पिशवी ले. आनि माले खरं सांग, बस."

मी स्टुलावर चढून पिशवी काढली. त्या दिवशी कुठल्या प्लॉटच्या कुठल्या दगडाजवळून काय आणलं, ते मी त्यांना एकेक करून सांगितलं. तेव्हापासून तसंच सांगत राहिले. यांना कळलं तेव्हा दोन दिवस घरात अबोला होता. मग एका संध्याकाळी ते केन्याची भजी खात बसलेले मला दिसले. मी आणखी चार भजी त्यांच्या ताटात टाकली.

पुढच्या चार-पाच वर्षांत प्लॉटांवर एकेक करून घरं उठली. अक्कांचा डावा डोळाही गेला. थेंब चालू होते, तरी गेला. नव्वद साल उलटलं असेल, तेव्हाच्या एका आषाढात आम्ही त्यांना घेऊन गावी गेलो. थोरल्या जाऊबाईंच्या घरी पंधरा माणसांचं जेवण होतं. बाजारचा दिवस दोन दिवसांवर, घरात भाजी नाही. जाऊबाई मला म्हणाल्या, "तुला फार माहिती आहे म्हणे. बांधावर तरोटा माजलाय. आण बरं." त्यांच्या बोलण्यात थोडी थट्टा होती.

तरोटा मला माहीत होता, पण एवढ्या माणसांसाठी मी कधी आणला नव्हता. बांधावर तो खरंच माजला होता, आणि त्याच्यातच दुसरं एक झाड मिसळलेलं होतं. तशीच पिवळी फुलं येणारं, दिसायला त्याचा थोरला भाऊ. अक्कांनी मला बजावलेलं होतं की ते खायचं नाही, लहान मुलांना तर अजिबात द्यायचं नाही. तरोट्याला पानांच्या तीन जोड्या, टोकं गोल. दुसऱ्याला जोड्या जास्त, टोकं अणकुचीदार, चुरगाळलं की वास वेगळा. मी दोन तास बांधावर बसले. एकेक शेंडा मोजून घेतला. भरलेलं टोपलं अक्कांच्या पुढ्यात आणून ठेवलं.

त्यांनी हात लावला नाही.

"अक्का, बघा ना."

"माले नको दाखू. तू सांग. खावानी का नही?"

जाऊबाई चुलीजवळून बघत होत्या. मुलं ओसरीवर खेळत होती. मी टोपलं सुपात उपडं केलं आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा निवडलं, एकेक पान उलटं करून. जाऊबाई दोनदा म्हणाल्या, "अगं, उशीर होतोय." मी म्हटलं, "दुसरं एक झाड यात मिसळतं, ते मुलांना घातक," आणि निवडत राहिले. एका शेंड्याबद्दल शंका वाटली, पान अर्धं किडीने खाल्लेलं होतं, जोड्या मोजता येईनात. तो मी चुलीत टाकला. मग म्हटलं, "खायची."

अक्कांनी मान हलवली. भाजी उकळून, पिळून, लसणावर परतली. पहिल्या पंगतीला मुलं बसली. त्यांच्या ताटात भाजी मी स्वतः वाढली. मग पुरुष. मग आम्ही बायका. अक्कांनी भाजी दोनदा घेतली, आणि जाऊबाईंनी कढईतलं उरलेलं भाकरीने पुसून खाल्लं.

मी दुपारभर मुलांवर नजर ठेवून होते. ती चिंचेखाली भांडत होती, पडत होती, पुन्हा उठून पळत होती. पाचच्या एसटीची वेळ झाली तेव्हा जाऊबाई पदराला हात पुसत माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "जायच्या आधी बांधावर चल माझ्याबरोबर. ते दुसरं कुठलं, मला दाखव."

आम्ही ती एसटी सोडली आणि सातच्या गाडीने निघालो.